आधी भार, मग करवत

चिंचेचं जुनं झाड पाडायचं ठरलं की गावात प्रत्येकालाच त्यातलं कळायला लागतं. जेसीबीवाला म्हणतो, मुळ्या उकरून ढकलून देतो, अर्ध्या तासाचं काम. वखारवाला म्हणतो, मला गुत्त्यानं द्या, तुम्ही बघायलासुद्धा येऊ नका. भावकीतला एखादा हळूच सांगतो की चिंचेत काही ना काही असतं, पाडायचीच असेल तर अमावस्या टाळा. आम्ही सगळ्यांचं ऐकून घेतलं. शेवटी ज्याच्याकडं गेलो तो माणूस पहिल्या भेटीत शेंड्याकडं बघत एवढंच म्हणाला, "ह्याचा भार कुणीकडं हाय ते कळल्याबिगर मी करवत काढत नसतो."

झाड आमच्या शेताच्या उत्तर बांधावर होतं, गावठाणाला लागून. औसा तालुक्यातली काळी जमीन, सोयाबीन-हरभऱ्याची. लातूर जिल्ह्यात जंगलाखालचं क्षेत्र एक टक्क्याच्याही आत आहे, त्यामुळं इथं मोठी झाडं म्हणजे बांधावरचीच: चिंच, कडुलिंब, गावरान आंबा, बाभूळ. त्यातलं एक गेलं तरी शेजारच्या गावच्या माणसाला लांबूनच कळतं. ही चिंच किती जुनी ते कुणालाच सांगता येत नव्हतं. रझाकारांच्या धामधुमीत, म्हणजे १९४८ च्या पोलीस ॲक्शनच्या आधी, गावातली पोरं हिच्या ढोलीत लपवली होती असं आजी सांगायची. ढोलीत जेमतेम एक पोर मावलं असतं, तेव्हा गोष्टीत तिखटमीठ असणारच. पण त्या काळीही ती मोठी होती, एवढं त्यावरून धरायला हरकत नाही.

पाडायचं कारण मुळात होतं. पाणंद रस्त्याचं काम झालं तेव्हा नाली काढताना यंत्रानं चिंचेच्या उत्तरेकडच्या जाड मुळ्या तोडून टाकल्या. मुळ्या तुटल्या म्हणून झाड लगेच वाळत नाही, म्हणून तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. तुटलेल्या तोंडातून बुरशी आत शिरते आणि मधलं लाकूड, जे आधीच मेलेलं असतं आणि फक्त आधार देतं, ते हळूहळू कुजवते. वर पाला हिरवागार, फळ नेहमीसारखं, आणि आत पोकळी वाढत चाललेली. पुढच्या काही पावसाळ्यांत बुंध्याशी टणक अळंबी धरायला लागली. ते लक्षण आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. पोरं ती तोडून खेळायची. मग एका वळवाच्या पावसात उत्तरेकडची एक मोठी फांदी शेजारच्या तात्यांच्या गोठ्यावर आली. पत्रे मोडले. जनावरं रानात होती म्हणून वाचली. तात्या भांडले नाहीत. "झाड तुमचं, गोठा माझा. आता तुम्हीच बघा," एवढं बोलून ते गेले, आणि ते भांडणापेक्षा जड गेलं.

आईचा विरोध होता. चिंच विनाखर्चाचं पीक. ना फवारणी, ना खत, ना पाणी; माघ-फाल्गुनात झोडायची, बायका बसवून फोडायची, चिंचोके वेगळे काढायचे आणि बार्शीच्या बाजाराला पाठवायची. दुष्काळात सोयाबीन गेलं तरी चिंचेचे पैसे आले आहेत. शेवटी, एवढं साल चिंचा उतरवून घ्यायच्या आणि मग काय ते, असं ठरलं.

मी लातूरला ट्यूशन एरियात फिजिक्स शिकवतो. कागदोपत्री कामं माझ्या वाट्याला येतात ती यामुळंच. शिकलेला माणूस म्हणजे अर्ज लिहिणारा माणूस. चिंच स्वतःच्या सातबाऱ्यातली असली तरी मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही. झाडं तोडण्याबाबतचा राज्याचा कायदा १९६४ चा आहे आणि त्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, मोह, सागवान, चंदन अशी झाडं आहेत. त्यांना कुऱ्हाड लावण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. अर्ज, सातबारा, गटाचा नकाशा, झाड कुठं आहे त्याची खूण, फोटो. बांधावरचं झाड असेल तर शेजाऱ्याची संमती आधीच लिहून घेतलेली बरी, कारण बांध कुणाचा हा प्रश्न झाड उभं असेपर्यंत कुणी काढत नाही. तात्यांनी सही चटकन दिली. वनखात्याचा माणूस येऊन छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, टेप लावून घेर घेऊन गेला. घेर चार मीटरच्या आसपास भरला. कूज दाखवली, गोठा दाखवला, वरून गेलेली विजेची लाईन दाखवली. परवानगी आली ती नवीन झाडं लावायच्या अटीवर. चकरा झाल्या, त्यांचं पुराण सांगत नाही. ते सगळ्यांनाच ठाऊक आहे.

आता चाचांबद्दल, म्हणजे भार कळल्याबिगर करवत न काढणाऱ्या त्या माणसाबद्दल. तालुक्यात मोठं झाड पाडायचं म्हटलं की त्यांचंच नाव निघतं. वय साठीच्या पुढं, बारीक अंगकाठी, पायात टायरची चप्पल. सोबत मशीन चालवणारा पुतण्या आणि दोर धरणारी दोन पोरं. चाचा दर ठरवताना अत्यंत चिवट आहेत आणि सांगितलेल्या दिवशी येतीलच याची खात्री नाही. पण त्यांची एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी कळली आणि मग मी दरावरून घासाघीस सोडली. ते लाकडाच्या धंद्यात आले ते जंगलातून नाही, भूकंपातून. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा या भागातली घरं दगडमातीच्या रुंद भिंतींची आणि वर माळवद असलेली. माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यावर किलचं, म्हणजे लाकडाच्या पट्ट्या, त्यावर हातभर माती. ते सगळं माणसांवर बसलं. चाचा तेव्हा जवान होते. ढिगाऱ्यातून आधी माणसं काढली, आणि पुढं कित्येक महिने लाकडं. "कोणती तुळई आधी वडायची ते चुकलं की वरचं सगळं पुन्हा खाली येतंय," ते सांगत होते. "दाबलेलं लाकूड येगळं, ताणलेलं येगळं. दाबलेल्यात करवत आडकती. ताणलेलं कापलं की उडतंय. झाडात दोन्ही आसतंय, फकस्त उभं आसतंय."

मी दरवर्षी पोरांना दाब आणि ताण फळ्यावर शिकवतो. एवढ्या कमी शब्दांत मला ते कधी जमलं नाही.

झाड बघायला चाचांनी अख्खी सकाळ घेतली. आधी लांब जाऊन चारी बाजूंनी बघितलं. गवंड्याकडून आणलेला ओळंबा हातात धरून, एक डोळा मिटून, दोरी बुंध्याच्या मध्यावर धरली. उत्तरेकडून-दक्षिणेकडून झाड सरळ वाटत होतं, पण पूर्वेकडून बघितल्यावर बुंधा रस्त्याकडं, म्हणजे उत्तरेला झुकलेला स्पष्ट दिसला. शेंड्याचा डेराही तिकडंच जास्त होता. एक मोठी फांदी पडून गेल्यावरही तिकडचा भार जास्तच. आणि मुळ्या नेमक्या तिकडच्याच तुटलेल्या. पूर्वेला आमची विहीर, पश्चिमेला तात्यांचा गोठा, उत्तरेला रस्ता आणि लाईन. मोकळी जागा फक्त दक्षिणेला, हरभरा काढून झालेलं आमचं रान. म्हणजे झाडाला जिकडं जायचं होतं त्याच्या बरोबर उलट्या दिशेला न्यायचं होतं.

मग उंची. चाचांनी हाताच्या लांबीएवढी काठी घेतली, हात सरळ करून ती उभी धरली आणि मागं मागं सरकत गेले. काठीचं खालचं टोक बुंध्याशी आणि वरचं शेंड्याशी जुळलं तिथं थांबले. काठी हाताएवढी असल्यामुळं आपण उभे असतो ते अंतर म्हणजेच झाडाची उंची. मी माझ्या परीनं सावलीवरून हिशोब केला. दोन्ही आकडे साठ फुटांच्या आसपास आले, फरक फार तर दोन-तीन फुटांचा. चाचांना माझ्या आकड्यात काही रस नव्हता. पडल्यावर शेंडा कुठं पोहोचेल तिथं त्यांनी दगड ठेवला, त्याच्या पुढं पुन्हा निम्म्या अंतरावर दुसरा दगड ठेवला आणि त्याच्या आत कुणी उभं राहायचं नाही असं पोरांना बजावलं. वाळकी फांदी आपटली की तिचे तुकडे लांब जातात, म्हणून हे वाढीव अंतर.

पोकळी किती आहे हे बघायची पद्धत मला सगळ्यात आवडली. आधी कुऱ्हाडीच्या तुंब्यानं बुंध्याला गोल फिरून ठोके दिले. दक्षिणेकडं आवाज ठस्स येत होता, उत्तरेकडं घुमत होता. नंतर गिरमिट लावलं. वेगवेगळ्या उंचीवर आणि वेगवेगळ्या बाजूंनी भोकं पाडली आणि प्रत्येक वेळी बाहेर येणारा भुसा हातावर घेऊन बघितला. आधी फिकट पिवळसर, मग गडद तपकिरी म्हणजे आतलं गाभ्याचं लाकूड, आणि मग अचानक गिरमिट सैल होऊन ओलसर काळा चुरा. उत्तरेकडून हातभरही चांगलं लाकूड नव्हतं. दक्षिणेकडून मात्र गिरमिटाची लांबी संपली तरी घट्ट लाकूडच लागत होतं. चाचा खूश झाले. मला त्यात खूश होण्यासारखं काय ते लगेच कळलं नाही. ते पुढं सांगतो.

काम लगेच सुरू झालं नाही, कारण ढोलीत पिंगळे होते. संध्याकाळी दोन पिल्लं तोंडाशी येऊन बसायची. आईनं स्वच्छ सांगितलं की ती उडाल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही. चाचांनीही मान डोलावली, पण त्यांचं कारण वेगळं होतं: वर एक आग्या मोहोळ लटकलेलं होतं आणि मशीनच्या हादऱ्यानं ते उठलं तर फांदीवर दोराला बांधलेल्या माणसाला पळायलाही जागा नसते. आग्या माश्या फुलोरा संपला की स्वतःहून जागा सोडतात. तेव्हा थांबणं दोघांच्याही हिशोबात बसलं. चिंचा झोडून झाल्या, चैत्र निम्मा सरला, पिल्लं उडाली, माश्याही एके दिवशी निघून गेल्या आणि खाली रिकामं पोळं राहिलं. वळीव सुरू व्हायच्या आत उरकायला हवं होतं. वादळात ओल्या मातीतलं असं झाड कुणाला विचारून पडत नाही.

पहिला टप्पा उत्तरेकडचा डेरा उतरवायचा. लाईनच्या अंगाच्या फांद्या असल्यामुळं लाईनमनला सांगून वीज बंद करून घेतली, आणि बंद असल्याचं त्यानं येऊन दाखवल्यावरच पुतण्या वर चढला. हेल्मेट, चष्मा आणि पट्टा मी लातूरहून आणले होते. पुतण्यानं घातले. चाचांनी हेल्मेट हातात घेऊन बघितलं आणि तात्यांच्या गोठ्याच्या खुंटीला अडकवलं. त्यांच्या कसबाबद्दल मला आदर आहे, पण हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आताही पटत नाही. वरून पडणाऱ्या वाळक्या काटकीला तुमचा अनुभव दिसत नाही.

लाईनवर किंवा रस्त्यावर काही आपटू द्यायचं नव्हतं, त्यामुळं प्रत्येक फांदी दोरावर उतरवायची. जी फांदी काढायची तिच्यापेक्षा उंच, दक्षिणेकडच्या भक्कम बेचक्यातून दोर घ्यायचा, एक टोक फांदीला बांधायचं, दुसरं खाली आणून कडुलिंबाच्या खोडाला दोन-तीन वेढे द्यायचे. वेढ्यांच्या घर्षणामुळं दोन क्विंटलची फांदीसुद्धा एक पोरगा हळूहळू सोडू शकतो. वेढे नसतील तर चार माणसांनाही ती फरफटत नेईल. कापताना आधी खालून थोडा काप, मग जरा पुढं वरून. नुसतं वरून कापलं तर फांदी अर्धी तुटून लोंबते आणि बुंध्यापर्यंत साल सोलून घेऊन जाते. त्या झटक्यात वरच्या माणसाचा पाय सुटू शकतो. चाचा खालून फक्त दोन शब्द बोलत होते: "दाब" आणि "ताण". पुतण्या त्याप्रमाणे करवतीची बाजू बदलायचा.

चिंचेचं लाकूड मशीनला रडवतं. ते इतकं कठीण आहे की चेन बघता बघता बोथटते, आणि सालीच्या भेगांत बसलेली धूळ आणखी भर घालते. चेन धारदार असेल तर लाकडाचे तुकडे उडतात, बोथट झाली की नुसतं पीठ पडतं. पीठ दिसलं की पुतण्या खाली यायचा, सावलीत बसून गोल कानशीनं एकेक दात घासायचा, टाकीत पेट्रोल आणि टू-टी ऑईलचं मिश्रण भरायचा आणि पुन्हा वर. बघ्यांना वाटायचं, पोरगा कामचुकार आहे. बोथट चेन दाबून चालवणारा माणूस जास्त धोकादायक, कारण दाबाच्या भरात पट्टीचं टोक कुठंतरी टेकतं आणि मशीन उसळून तोंडाकडं येतं.

उत्तरेकडचा डेरा उतरल्यावर चाचांनी पुन्हा ओळंबा धरला. बुंधा तसाच झुकलेला होता, पण आता वर दक्षिणेकडच्या फांद्यांचं वजन जास्त होतं. झाड स्वतःच्याच भारानं आमच्या बाजूला येऊ लागलं होतं. दक्षिणेकडच्या फांद्या त्यांनी मुद्दाम ठेवल्या. जमलेल्यांपैकी एकानं विचारलं की आता एवढं झालं तर सगळ्याच का काढत नाही. चाचा म्हणाले, "मग वडायला काय तुझं वजन लावू का?"

पाडायच्या आदल्या संध्याकाळी आईनं झाडाला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि सकाळी काय होणार ते झाडाला सांगितलं. चाचा लांब बसून दोराच्या गाठी तपासत होते. खोबऱ्याचा तुकडा त्यांनी हात पुढं करून घेतला.

उन्हाळ्यात दुपारनंतर वारा सुटतो, म्हणून काम उजाडायला सुरू केलं. लाईन पुन्हा बंद, रस्त्याच्या दोन्ही टोकांना माणसं उभी. उंचीच्या दोन-तृतीयांशावर वायर रोप बांधला आणि त्याचं टोक दक्षिणेला, दगडांच्या खुणेपलीकडं असलेल्या बाभळीच्या खोडाला चैनकुप्पीतून, म्हणजे साखळीनं ओढायच्या कप्पीतून, अडकवलं. ट्रॅक्टरनं ओढा असं बरेच जण सुचवत होते. चाचांनी ऐकलं नाही. ट्रॅक्टर हिसका देतो, आणि त्याला झाड उलटं फिरलं तर तेच ट्रॅक्टरला मागं ओढतं. चैनकुप्पी दातादातानं ओढते आणि जिथं थांबाल तिथं ताण धरून ठेवते. शिवाय बुंध्याला, जिथं कापायचं होतं त्याच्या वर, जाड साखळीचे वेढे देऊन आवळले. झुकलेलं किंवा पोकळ झाड मागून कापताना मधेच उभं फाटतं, निम्मा बुंधा मागं वर उडतो, आणि नेमका तिथंच कापणारा उभा असतो. साखळी त्या फाटण्याला आवरते.

पहिली खाच दक्षिणेकडून, म्हणजे ज्या दिशेला पाडायचं तिकडून. आधी वरून तिरका काप, मग खालून आडवा, आणि दोन्ही मिळून एक पाचरीच्या आकाराची फोड बाहेर. खोली जाडीच्या एक-चतुर्थांशाएवढी. आतलं लाकूड गडद जांभळट तपकिरी निघालं आणि आंबूस वास सुटला. खाचेची आतली रेघ बरोबर दगडाच्या दिशेला काटकोनात आहे का हे चाचांनी कुऱ्हाडीचा दांडा खाचेत बसवून बघितलं. दांडा जिकडं दाखवतो तिकडं झाड जाणार. थोडं विहिरीकडं दाखवत होतं. पुतण्यानं एका बाजूनं बोटभर लाकूड आणखी काढलं.

मागचा काप उत्तरेकडून, खाचेच्या तळापेक्षा जरा वर. हा काप खाचेपर्यंत नेऊन भिडवायचा नसतो. मधे जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी लाकडाची पट्टी सोडायची. ती कवाडाच्या बिजागरीचं काम करते: झाड तिच्यावर वळतं, आणि शेवटपर्यंत ती त्याला दिशा सोडू देत नाही. ती सगळी कापली तर झाड मोकळं झालं, मग ते विहिरीकडं जाईल की गोठ्याकडं हे त्याचं ते ठरवणार. गिरमिटानं दक्षिणेकडं घट्ट लाकूड लागलं तेव्हा चाचा का खूश झाले ते आता कळलं. ही पट्टी चांगल्या लाकडाची असणं सगळ्यात महत्त्वाचं होतं, आणि पोकळी नशिबानं तिच्या मागं होती.

पोकळीचा त्रास झालाच. एरवी मागच्या कापात बाभळीच्या पाचरी ठोकून झाड पुढं उचलतात. इथं उत्तरेकडं लाकडाची कड इतकी पातळ होती की पाचर टेकायला जागाच नव्हती. ठोकली तर आत पोकळीत पडली असती. म्हणून सगळी भिस्त चैनकुप्पीवर. पुतण्या एका बाजूनं थोडं कापायचा, थांबायचा. पोरं चैन ओढायची, वायर ताणायची. मग दुसऱ्या बाजूनं थोडं. मशीनची पट्टी बावीस इंची, बुंध्याची जाडी त्याच्या दुपटीहून जास्त, त्यामुळं दोन्ही अंगांनी कापल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पातळ कड कापली गेली की करवतीचा आवाज बदलायचा, पोकळीत घुमायचा, आणि काळा चुरा भसाभस बाहेर यायचा. पळायची वाट आधीच साफ करून ठेवली होती: सरळ मागं नाही, तर दोन्ही अंगांना तिरकी. बुंधा पडताना मागं सरकू शकतो, म्हणून बरोबर मागं कधी उभं राहायचं नाही.

मग चाचांनी हात वर केला. मशीन बंद. सगळे गप्प. चाचा बुंध्याला कान लावून उभे होते. मी लांबून बघत होतो. मला काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी चैनवाल्यांना बोटानं खूण केली, एक दात. मग पुन्हा एक. वर शेंड्यातली पानं हलली, वारा नसताना. कापातली फट दिसेल इतकी उघडली. चाचा मागं तिरके चालायला लागले, न पळता, आणि जाता जाता पुतण्याच्या पाठीवर थाप मारली. आधी एक कोरडा तडाखा ऐकू आला, मग सलग तडतड, आणि शेंडा निघाला. सुरुवातीला इतक्या सावकाश की वाटलं अडकला. निम्म्यावर आल्यावर जो वेग घेतला तो डोळ्यांना पकडता आला नाही. जमीन पायाखाली हलली. हरभऱ्याच्या रानातली धूळ उठली आणि तात्यांच्या गोठ्यातल्या म्हशी दावं तोडायला लागल्या. शेंडा पहिल्या दगडापासून हातभर अलीकडं पडला होता.

पोरं लगेच फांद्यांकडं धावली. चाचा पहिल्यांदाच ओरडले. मला हे आधी माहीत नव्हतं, पण पडलेलं झाड उभ्यापेक्षा जास्त माणसं जखमी करतं असं ते म्हणाले, आणि थोड्याच वेळात त्याचं कारण दिसलं. बुंधा खालच्या फांद्यांवर उचललेला असतो. त्या फांद्या धनुकली झालेल्या, अख्ख्या झाडाचं वजन पेलत असतात. त्यातली एक चुकीच्या बाजूनं कापली की एक तर ती उसळते किंवा ओंडका गडगडतो. म्हणून आधी शेंड्याकडच्या, ज्यांच्यावर काही टेकलेलं नाही अशा फांद्या. मग आतल्या आतल्या. बुंध्याच्या उताराकडच्या अंगाला कुणी जायचं नाही. ओंडक्याखाली दगड सरकवून मगच शेवटच्या आधाराच्या फांद्या. दुपारपर्यंत हेच चाललं. या कामाला पाडण्यापेक्षा जास्त वेळ गेला, आणि तोपर्यंत बघे पांगले होते.

कापलेल्या तोंडावर वय मोजू म्हणून मी वाकून बघितलं. चिंचेत सागवानासारखी स्पष्ट वर्तुळं दिसत नाहीत; गडद लाकूड, पुसट पट्टे, मधे पोकळी. आजीच्या रझाकारांच्या गोष्टीला पुरावा मिळाला नाही. पोकळीत जुन्या घरट्यांचा कचरा, उंदरांची हाडकं आणि एक गंजलेला विळा सापडला. विळा कुणाचा ते अजून कुणी कबूल केलेलं नाही.

लाकडाचं बोलायचं तर वखारवाल्यानं सगळं जळणाच्या भावात मागितलं होतं. चाचांनी त्याला ते नेऊ दिलं नाही. दक्षिणेकडचा एक निरोगी ओंडका लातूरजवळ लाकडी घाणा चालवणाऱ्यानं घेतला. घाण्याच्या उखळाला चिंचेचं जड, चिवट लाकूड पूर्वीपासून वापरतात आणि अलीकडं लाकडी घाण्याच्या तेलाला पुन्हा गिऱ्हाईक आलंय. दोन बुटके तुकडे खाटकाच्या ठोकळ्यासाठी गेले. त्यावर सुरा रोज बसला तरी लाकूड सहसा फुटत नाही. वाहतुकीच्या परवान्याशिवाय यातलं काही ट्रॉलीत चढलं नाही, कारण तेही कागदाचं काम माझ्याकडंच होतं. बारीक फांद्या आईनं जळणासाठी ठेवल्या, पाला शेळ्यांनी संपवला. तात्यांच्या पत्र्याचे पैसे या लाकडातूनच दिले. ते नको म्हणाले, मग घेतले.

बुंधा मात्र राहिला. खोदून काढायचा तर विहिरीचा काठ हलेल असं चाचांचं मत पडलं, म्हणून तो जमिनीलगत कापून सोडला. चिंच फुटवा धरते, तेव्हा पावसाळ्यात कडेनं कोंब येतील आणि ते खुडत राहावं लागेल. कुजलेल्या बुंध्यावरचा फुटवा मोठा झाला तरी त्याला धड पकड नसते.

परवानगीतल्या अटीची झाडं लावायला आई गावरान चिंचोकेच पेरा म्हणत होती. मी प्रतिष्ठान जातीची कलमं आणली, परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हाच्या औरंगाबादच्या) फळ संशोधन केंद्रातून आलेली ही जात. कलम लवकर फळाला येतं आणि झाड आटोक्यात राहतं. जागा मी रस्त्यापासून लांब, दक्षिण बांधाला निवडली, दोन कलमांत दहा मीटर अंतर ठेवून. आईनं माझ्या नकळत मधल्या जागेत दोन चिंचोके टोचले आहेत. ते उगवून आलेत आणि आता दहा मीटरचं अंतर काही राहिलेलं नाही. चाचा परवा राहिलेले पैसे न्यायला आले तेव्हा त्यांनी ते बघितलं आणि म्हणाले, "ह्याच्यातलं कोणतं काढायचं ते आताच ठरवून ठेवा. मोठं झाल्यावर माझा दर येगळा आसतोय."